वाळलेले गवत मेलेले नसते : उन्हाळ्यात तग धरणाऱ्या गवतांची ओळख

चैत्र सरून वैशाख लागला म्हणजे बेलापूरच्या परिसरात दोन प्रकारची भूमी शेजारी शेजारी दिसू लागते. पाटाखालच्या रानात ऊस हिरवागार उभा असतो. तर पाटाचे पाणी न पोहोचणारी माळराने, बांध, गायराने व शाळांची पटांगणे तांबूस-पिवळी पडून भगभगीत दिसतात. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी प्रवरेच्या कालव्यांनी या भागात खेळू लागले, तेव्हापासून हा फरक अधिकच डोळ्यांत भरू लागला. हिरव्याशेजारचे पिवळे पाहून आपण सहज म्हणतो, "गवत गेले."

या एका समजुतीपायी दरवर्षी बरेच नुकसान होते. कोणी बांधावरील वाळके गवत पेटवून देतो. कोणी गायरानात गुरे सोडून उरलासुरला बुंधाही खुडू देतो. कोणी पटांगणावर चार-चार दिवसांनी पाण्याचा शिडकावा करून गवत वाचविल्याचे समाधान मानतो. वस्तुतः गवत वाळणे आणि गवत मरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांतील भेद ओळखता आला, तर कोणत्या जागी कोणते गवत लावावे आणि उन्हाळ्यात त्याच्यासाठी काय करावे व काय करू नये, हे ठरविणे सोपे जाते. हा भेद समजावून देणे, हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उष्णता सोसण्याची शक्ती

आपला भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. वर्षाचा पाऊस सरासरीने ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्यानंतरचे सात-आठ महिने कोरडे जातात आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर चढते. उघड्या काळ्या जमिनीचा पृष्ठभाग तर हवेहूनही कितीतरी अधिक तापतो. अशा ठिकाणी हरळी, मारवेल, अंजन यांसारखी गवते पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहेत, ती योगायोगाने नव्हे.

वनस्पती हवेतील कर्बवायू घेऊन सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करतात. हा वायू पानांवरील सूक्ष्म रंध्रांतून आत येतो. परंतु रंध्रे उघडली की त्यांतून पाण्याची वाफही बाहेर पडते. म्हणजे अन्न मिळवायचे तर पाणी खर्चावे लागते. ऊस, ज्वारी, बाजरी, मका आणि आपली उष्ण प्रदेशातील बहुतेक गवते हा व्यवहार काटकसरीने करतात. ती कर्बवायू प्रथम एका रूपात साठवून पानाच्या आतील पेशींकडे दाटपणे पोहोचवितात, त्यामुळे रंध्रे कमी उघडी ठेवूनही त्यांचे काम चालते. ही रीत प्रथम उसाच्या पानांत ध्यानी आली व ऑस्ट्रेलियातील हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी १९६६ साली तिचा उलगडा केला. गहू, भात व थंड प्रदेशातील गवते यांच्याजवळ ही युक्ती नाही. म्हणूनच ३० ते ३५ अंश तापमानात हरळी जोमाने वाढते, तर विलायती थंड हवेचे गवत त्याच उन्हात मलूल होते.

याशिवाय गवताची रचनाही त्याच्या मदतीस येते. झाडाचा वाढीचा कोंब शेंड्याला असतो. तर न फुललेल्या गवताचा कोंब जमिनीलगत, बुंध्यात दडलेला असतो. पाने करपली, गुरांनी खाल्ली वा विळ्याने कापली, तरी कोंब शाबूत राहतो. पाणी कमी पडू लागले की कित्येक गवतांची पाने लांबट गुंडाळली जातात आणि उन्हाला सामोरा होणारा पृष्ठभाग कमी होतो. सकाळी पसरलेली पाने दुपारी सुईसारखी दिसू लागली, तर तो गवताने दिलेला पहिला इशारा समजावा.

अवर्षणाला तोंड देण्याच्या तीन रीती

उष्णता आणि अवर्षण बरोबरच येतात. पण पाण्याच्या तुटीला सर्व गवते एकाच प्रकारे तोंड देत नाहीत. ढोबळ मानाने त्यांच्या तीन रीती सांगता येतील.

पहिली रीत निसटून जाण्याची. दीनानाथ गवतासारखी वर्षायू गवते पावसाबरोबर उगवतात, ओल आहे तोवर वाढतात आणि बी टाकून मरतात. त्यांचा उन्हाळा बियांच्या रूपाने जातो. या गवतांचे वाळणे म्हणजे खरोखरच मरणे होय. पण त्यांचा वंश जमिनीत शिल्लक असतो. अशा गवताची कापणी बी पडण्यापूर्वी सर्वत्र केली, तर पुढील वर्षी जागा उघडी पडते.

दुसरी रीत खोल जाण्याची. बहुवर्षायू गवते आपली मुळे वरचा कोरडा थर ओलांडून खालच्या ओलीपर्यंत नेतात. जमीन खोल असेल तर ही रीत फार उपयोगी पडते. उथळ मुरमाड जमिनीत मात्र मुळांना वावच नसतो. यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी की, गवताची जात कितीही चांगली असली, तरी तिचा काटकपणा जमिनीच्या खोलीवर अवलंबून असतो.

तिसरी रीत झोपी जाण्याची. ओल संपत आली की गवत पानांतील पोषक द्रव्ये बुंध्यात व जमिनीखालच्या खोडांत ओढून घेते, पाने वाळू देते आणि वाढ थांबविते. हरळीच्या जमिनीखालील पांढऱ्या, पेरेदार खोडांना आपण काशा म्हणतो. त्या म्हणजे तिची कोठारेच होत. अंजन गवत असाच साठा बुंध्याच्या फुगीर भागात करते. पावसाचे पहिले पाणी मिळताच या साठ्यावर नवे कोंब फुटतात. दुष्काळानंतरच्या मृगात माळ आठ-दहा दिवसांत हिरवा होतो, त्याचे रहस्य हेच होय.

जातीजातींमधील फरक

हरळी : गणपतीला वाहावयाच्या दूर्वा ही हरळीच होय. ऊन, अवर्षण, पायदळ आणि काही प्रमाणात खारवटपणा सोसण्यात तिची बरोबरी करणारी गवते थोडी आहेत. जमिनीवर धावणारी खोडे व जमिनीखालील काशा अशी दुहेरी पसरण असल्यामुळे ती माती घट्ट धरून ठेवते. तिचा मोठा दोष म्हणजे तिला सावली सोसत नाही. वडाखाली किंवा इमारतीच्या आडोशाला हरळी विरळ झाली, तर तो पाण्याच्या तुटीचा परिणाम मानू नये.

मारवेल : आपल्या मध्यम ते भारी काळ्या जमिनीचे हे खरे वैरणीचे गवत होय. ते चवदार आहे, चराई सोसते व थोडा काळ पाणी साचले तरी टिकते. उन्हाळ्यात वरून वाळले तरी ठोंब जिवंत राहतो. राहुरी येथे १९६८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने फुले मारवेल-०६-४० ही जात दिली आहे.

अंजन : हलक्या, वाळूसर व निचऱ्याच्या जमिनीस आणि कमी पावसास हे गवत उत्तम. राजस्थानच्या कोरड्या भागासाठी जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने काजरी-७५ ही जात याच गवतातून निवडली. भारी, चिकण व पाणथळ जमिनीत मात्र अंजन लावू नये; जो उन्हाला डरत नाही तो तेथे साचलेल्या पाण्याने मरतो.

पवना व डोंगरी : ही उताराच्या, उथळ व मुरमाड जमिनीची गवते होत. ती काटक आहेत. पण सततच्या चराईने ती हटतात व त्यांची जागा कुसळी घेते. कुसळीच्या बियांना ओल लागली की तिचे कुसळ पीळ उलगडून बी जमिनीत रुतविते. म्हणून ती उजाड माळावरही टिकते. पण तीच कुसळे मेंढ्यांच्या तोंडात व लोकरीत शिरून त्रास देतात. ज्या माळावर पवना कमी होऊन कुसळी वाढली, तेथे अवर्षणापेक्षा अतिचराई अधिक कारणीभूत आहे असे समजावे.

संकरित नेपियर : फुले जयवंत यांसारख्या जाती भरपूर हिरवा चारा देतात, परंतु त्या पाण्याच्या भरवशावर. ज्याच्या विहिरीचे पाणी फेब्रुवारीतच तळ गाठते, त्याने उन्हाळी चाऱ्यासाठी केवळ नेपियरवर विसंबू नये.

रोपवाटिकेतील गालिचा गवते : यांत झोयशिया वर्गातील गवत आपल्याकडे बागांत लावतात. ते उष्णता चांगली सोसते, दाट व सुंदर दिसते. पण फार सावकाश पसरते, आणि उथळ जमिनीत पाण्याचा ताण पडला तर हरळीइतके टिकत नाही. एकदा खराब झाल्यावर भरून येण्यासही त्याला वेळ लागतो.

हिरवे राहणे आणि जिवंत राहणे

येथे एक महत्त्वाचा भेद सांगणे आवश्यक आहे. अवर्षणात अधिक काळ हिरवे राहणे हा एक गुण, आणि वाळून पुन्हा फुटणे हा दुसरा गुण. दोन्ही गुण एकाच जातीत असतीलच असे नाही. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात टिफ्टन येथे हरळीच्या संकरावर दीर्घकाळ काम झाले असून १९६० साली प्रसृत झालेली टिफवे ही जात जगभरच्या क्रीडांगणांवर पोहोचली. तेथेच पुढे निवडलेली टिफटफ ही जात कमी पाण्यात अधिक काळ हिरवी राहते. हे संकर बी धरीत नाहीत. त्यांची लागवड तुकड्यांनीच करावी लागते. मोठ्या क्रीडांगणांना असा गुण हवा असतो. आपल्या गावच्या पटांगणाला मात्र पहिल्या गुणापेक्षा दुसरा गुण अधिक मोलाचा आहे. कारण हिरवे ठेवायचे म्हणजे पाणी द्यायचे, आणि उन्हाळ्यात ते पाणी कोणाच्या वाट्याचे, हा प्रश्न उभा राहतो.

या प्रश्नाचा महाराष्ट्राला २०१६ साली प्रत्यक्ष अनुभव आला. त्या वर्षी एप्रिल महिन्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. त्याच महिन्यात क्रिकेटच्या मैदानांना लागणाऱ्या पाण्याचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश न्यायालयाने दिला.

गावापुरता हिशोब आपणही करून पाहावा. एक गुंठा जागेवर २५ मिलिमीटर पाणी द्यावयाचे तर सुमारे २,५०० लिटर लागते. १० गुंठ्यांच्या पटांगणाला एका पाळीस २५,००० लिटर झाले. मार्चच्या मध्यापासून जूनच्या आरंभापर्यंत आठवड्यास एक याप्रमाणे १२ पाळ्या दिल्या, तर ३ लाख लिटर पाणी खर्ची पडते. आणि भर उन्हाळ्यात आठवड्यास २५ मिलिमीटर हे काही चैनीचे माप नव्हे. माणशी रोज ५५ लिटर धरले, तर तेवढ्या पाण्यात ६५ माणसांची तेवढ्याच दिवसांची गरज भागते. ज्या गावात टँकर येतो, त्या गावाने पटांगण हिरवे ठेवण्याचा हट्ट धरावा काय, याचे उत्तर या आकड्यांतच आहे.

एका गावी शाळेच्या पटांगणावर हौसेने गालिचा गवत लावलेले प्रस्तुत लेखकाने पाहिले आहे. गावकऱ्यांनी वर्गणी काढली होती, मुलांनी बादल्यांनी पाणी घातले होते. मे महिन्यात विहीर आटली आणि गवत गेले. त्याच पटांगणाच्या कडेला, कोणीही न लावलेली हरळी मात्र पहिल्या पावसानंतर पुन्हा हिरवी झाली. मुलांचे श्रम वाया गेले ते कष्टाच्या अभावी नव्हे, तर गवताची निवड चुकल्यामुळे.

गवत जिवंत आहे की नाही, ही परीक्षा

मे महिन्यात कोणीही शेतकरी ही परीक्षा घरी करू शकेल. वाळलेल्या हरळीचे वीतभर लांब-रुंद व तेवढेच खोल ढेकूळ तीन निरनिराळ्या ठिकाणांहून काढावे. त्यांतील काशा नखाने खरवडून पाहाव्यात. आतून पांढऱ्या व टणक असतील तर त्या जिवंत आहेत. तपकिरी, पोकळ व चटकन मोडणाऱ्या असतील तर मेलेल्या आहेत. खात्रीसाठी ढेकूळ जुन्या मडक्यात ठेवून रोज थोडे पाणी घालावे. जिवंत गवताला साधारणतः आठ-दहा दिवसांत हिरवे कोंब येतात. मारवेल व अंजन यांच्या बाबतीत ठोंबाचा बुंधा चिरून पाहावा. ही परीक्षा केल्यावाचून गवत उपटू नये, नांगरू नये व नवी लागवड मांडू नये.

पटांगणासाठी हरळीची लागवड व निगा

जागेतील लव्हाळ्याच्या गाठी व दगड उन्हाळ्यातच वेचून काढावेत. जमीन वीतभर खोल खणून सपाट करावी. पाणी साचू नये म्हणून १०० फुटांस एक फूट असा उतार द्यावा. चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. जून-जुलैत पुरेसा पाऊस झाल्यावर तीन-चार पेरांचे तुकडे सुमारे १५ सेंटिमीटर अंतरावर, ५ सेंटिमीटर खोल लावून माती दाबावी. एक टोक वर उघडे राहू द्यावे. पावसाने साथ दिल्यास सहा ते आठ आठवड्यांत जागा झाकली जाते. लागवड पावसाळ्याच्या आरंभीच करावी. उशिरा लावलेल्या गवताच्या काशा पोसत नाहीत आणि पहिला उन्हाळा त्याला जड जातो.

पावसाळ्यात कापणी नियमित ठेवावी. परंतु एका वेळी पानांचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग छाटू नये. फाल्गुनापासून कापणीची उंची वाढवून पाच सेंटिमीटरच्या वर न्यावी आणि वाढ थांबली की कापणी बंद करावी. वरचा वाळका थर जमिनीवर सावली धरतो व काशांचे रक्षण करतो. उन्हाळ्याच्या तोंडावर युरिया देऊ नये. त्याने कोवळी वाढ होऊन साठा खर्ची पडतो.

पाण्याविषयी नियम एकच : द्यावयाचे तर खोल द्यावे, नाही तर गवताला झोपू द्यावे. रोजच्या शिडकाव्याने मुळे वरच्या थरातच राहतात आणि झोपी गेलेले गवत अर्धवट जागे होते. साठ्यातून कोंब फुटतो, पुढे ओल नसल्याने तो करपतो. पुन्हा पाणी, पुन्हा कोंब, असे होता होता कोठार रिकामे होते. नवी लागवड अगर नाजूक गवत वाचवायचेच असेल, तर तीन-चार आठवड्यांतून एकदा गुंठ्यास सुमारे १,२०० लिटर पाणी सायंकाळी द्यावे. जुन्या हरळीला बहुधा त्याचीही गरज पडत नाही.

बांध, गायरान आणि शेत

शेताच्या बांधावर हरळी मुद्दाम लावू नये. जी शक्ती तिला पटांगणावर वाचविते, तीच उसाच्या रानात तिला शत्रू बनविते. शेतात हरळी असेल, तर खोल नांगरट भर उन्हात करावी. काशा मातीखाली असताना उन्हाळा सोसतात. पण उघड्या पडून तापल्या व सुकल्या की मरतात. नांगरटीनंतर काशा वेचून रानाबाहेर काढाव्यात. हरळीच्या ओल्या रानात रोटाव्हेटर फिरविल्यास एका काशीचे दहा तुकडे होऊन तण वाढते, हे विसरू नये.

बांधासाठी मारवेल घ्यावे. पावसाळ्याच्या आरंभी जुने ठोंब फोडून दोन ओळींत दीड फूट व दोन ठोंबांत एक फूट अंतर ठेवून लावावे. हलक्या रानाच्या बांधाला अंजन चालेल. वाळके गवत पेटविण्याची चाल सोडावी. आगीने बी व आच्छादन जळते, बुंधे दुखावतात आणि वळवाच्या पहिल्या सरीला बांध उघडा सापडतो.

गायरानाच्या बाबतीत सर्वांत नाजूक काळ उन्हाळ्याचा नसून पहिल्या पावसानंतरच्या तीन-चार आठवड्यांचा असतो. त्या वेळी गवत साठ्यातील शेवटचे धन खर्चून नवी पाने काढीत असते. नेमकी तेव्हाच भुकेली जनावरे सोडली, तर उन्हाळ्याने न मेलेले गवत पावसाळ्यात मरते. यासाठी त्या काळापुरती कडब्याची तजवीज आधीच राखून ठेवावी. शक्य तेथे चराईऐवजी विळ्याने कापून चारा न्यावा. याच जिल्ह्यातील हिवरे बाजारने चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळून आपले डोंगर पुन्हा गवताने झाकले. ते काम पाणी अडविण्याच्या कामाइतकेच गावाच्या संयमाचेही होते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

कार्यकर्त्यांनी मे महिन्याच्या ग्रामसभेपूर्वी गावातील पटांगण, एक बांध व गायरान अशा तीन जागांची ढेकळे काढून वर सांगितलेली परीक्षा लोकांसमक्ष करावी. मडक्यातील वाळक्या ढेकळाला फुटलेला हिरवा कोंब शेतकऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, म्हणजे व्याख्यानाची फारशी गरज उरत नाही. त्यानंतर जमिनीनुसार गवताची निवड, पहिल्या पावसानंतर चराई थांबविण्याचे दिवस आणि ठोंब पुरविणाऱ्या शेतकऱ्यांची नावे सभेतच ठरवून घ्यावीत.

उन्हाळ्यात गवताने आपल्याजवळ पाणी मागितलेले नसते. त्याचा बुंधा खुडू नये, त्याला जाळू नये आणि जागे होताना त्याला थोडी सवड द्यावी, एवढेच त्याचे मागणे असते. तेवढे पाळले तर मृगाच्या पावसानंतर माळ, बांध व पटांगण आपोआप हिरवे होतील, आणि गावाचे पिण्याचे पाणी गावालाच राहील.